दाजींचा डावखुरा सिनेमा

आमच्या दाजींइतका उलट्या डोक्याचा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये म्हणून माझ्या बहिणीने जन्मभर सोमवार धरले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. पुढे त्यांचं नाव झालं. पुण्या-मुंबईकडचे लोक त्यांना दिग्दर्शक म्हणून ओळखू लागले, वर्तमानपत्रांत फोटो यायला लागले, आणि त्या प्रत्येक फोटोत दाजी नुकतेच कुणाला तरी पोचवून आल्यासारखा चेहरा करून उभे असत. त्यांना स्वतःला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा एक दाढीवाला तरुण माझा पत्ता शोधत केडगावात आला. त्याला दाजींच्या सुरुवातीच्या शैलीवर लिहायचं होतं. "त्यांच्या पहिल्या चित्रपटातली सगळी माणसं डावखुरी होती असं ऐकलंय. हा प्रस्थापितांना दिलेला नकार होता का?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आधी चहा घ्या. चहा घेऊन झाल्यावर त्याने विचारलं, की त्यांच्यावर सर्वांत मोठा प्रभाव कुणाचा होता. मी सांगितलं, त्यांच्या आईचा. पुढे एखादं परदेशी नाव येईल म्हणून तो थोडा वेळ पेन धरून थांबला. ते आलं नाही तेव्हा त्याने पेनाला टोपण लावलं. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला परतीची एसटी गाठायची होती, आणि ही गोष्ट एसटीच्या वेळेत बसणारी नव्हती.

दाजींना कुठलीही गोष्ट समोरून बघायचं वावडं होतं. कीर्तनाला गेले की बुवांच्या पाठीमागे, टाळकऱ्यांच्याही मागे जाऊन बसायचे. देवळात गेले की आधी गाभाऱ्याला वळसा घालून मूर्तीची पाठ कशी घडवली आहे याची चौकशी करायचे आणि पुजाऱ्याच्या शिव्या खाऊन यायचे. कुणाच्या घरी जायचं तर पुढचं दार सताड उघडं असलं तरी हा माणूस परसातून येणार. ताईला बघायला आले तेही असेच आले. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, पोहे झाकून ठेवलेले, आणि हे एकटेच मागच्या दाराने आत शिरले. ताई मोरीपाशी उभी राहून तोंडाला पावडर लावत होती, ती निम्मीच लावून झाली होती. दाजींनी तिला नमस्कार केला, "झालं बघून" म्हणाले आणि आल्या वाटेने परत गेले. होकाराचा निरोप संध्याकाळी आला. आप्पांनी पुढे एकदा याचं कारण विचारलं, तर म्हणाले, "पुढच्या खोलीत तुम्ही काय दाखवणार ते मला ठाऊक होतं की." आप्पा हेडमास्तर होते. त्यांना उलट उत्तर देणारी मुलं माहीत होती, पण जावई नवा होता, तेव्हा त्यांनी पानाचं तबक पुढे केलं.

लग्न झालं तेव्हा दाजी पुण्याच्या एका सिनेमा कंपनीत काही वर्षं उमेदवारी करून परत आले होते आणि नगरातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला होते. तिथे त्यांनी काय केलं असेल? लग्नाचे फोटो काढले आणि छापताना निगेटिव्ह उलटी घातली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नवरा-नवरीच्या जागा बदलल्या, नवऱ्याचं घड्याळ उजव्या मनगटावर गेलं. एक नवी नवरी सासूला घेऊन तक्रार करायला आली, की आमच्यांच्या उजव्या गालावर तीळ आहे, फोटोत तो डाव्या गालावर कसा गेला? दाजींनी फोटो हातात घेतला, खिडकीच्या उजेडासमोर पाठमोरा धरला आणि म्हणाले, "बाई, हिकडनं बघा. हाय का न्हाई तीळ जागेवर?" कागदातून दिसणाऱ्या त्या अंधुक नवऱ्याकडे बघून ती बिचारी रडायलाच लागली. स्टुडिओच्या मालकांनी दाजींना नंतर अंधारखोलीत पाऊल टाकू दिलं नाही, फक्त पुढे बसून गिऱ्हाइकांचे केस विंचरायचं काम दिलं.

आता या उलटेपणाचं मूळ सांगते. दाजींचं गाव पारनेरच्या पलीकडे, माळरानावरचं. लहानपणी तिथे जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा. तंबूच्या मधोमध पांढरं कापड ताणलेलं असायचं. कापडाच्या पुढे पुरुषमाणसं बसायची आणि मागे बायका. उजेड कापडातून आरपार जायचा, त्यामुळे बायकांनाही चित्र दिसायचं, पण आरशातल्यासारखं उलटं. चित्र मागून नीट दिसावं म्हणून खेळाआधी आणि मध्ये मध्ये त्या कापडावर पाणी मारून ते चिंब ओलं करावं लागे. कोरड्या कापडातून मागच्यांना नुसता धूर दिसायचा. दाजींचे वडील ते तान्हे असतानाच गेलेले. त्यामुळे हा पोरगा आईचा पदर धरून मागच्या बाजूला बसला आणि तिथेच सिनेमा शिकला. त्याने पाहिलेले राजे डाव्या हाताने तलवार चालवायचे, देवसुद्धा डाव्या हाताने आशीर्वाद द्यायचे. सुरुवातीला पडद्यावर जी नावं यायची ती अर्थातच उलटी. दाजींच्या आईला अक्षरओळख होती, एसटीची पाटी त्या बोट फिरवत वाचायच्या, पण ही अक्षरं काही केल्या लागायची नाहीत. पोराने विचारलं, "आये, काय लिवलंय?" तर त्या म्हणाल्या, "सिनेमाची लिपी येगळी आसती, बाबा. मोडी आसंल." दाजी शाळेची वरची इयत्ता गाठेपर्यंत सिनेमाची नावं मोडीत लिहितात असंच समजत होते.

शिवाय आवाजाचा भोंगा पुढे, पुरुषांकडे तोंड करून लावलेला. मागे निम्मं ऐकू यायचं नाही, आणि जे ऐकू यायचं ते हिंदी. मग दाजींच्या आई सगळ्या बायकांना अर्थ सांगायच्या. नायिका नदीकाठी डोळ्यांत पाणी आणून काही तरी म्हणाली की त्या सांगायच्या, "ती इचारतीय, शेरडं बांदली का?" नायक छातीवर हात ठेवून दोन्ही डोळे मिटून बोलला की, "त्यो म्हनतोय, बाजरीला औंदा दाना भरला न्हाई." बायका हळहळायच्या. त्यांना ते खरं वाटायचं, कारण माणसाने छातीवर हात ठेवून बोलावं असं गावात दुसरं होतंच काय? दाजींच्या पुढच्या सिनेमांत भर प्रेमाच्या प्रसंगी माणसं गुरांच्या वैरणीबद्दल बोलतात, त्यावर मी मोठमोठे लेख वाचले आहेत. एका लेखात त्याला मातीची कविता की असंच काही तरी म्हटलेलं होतं. मला ते वाचून मावशी आठवल्या. दाजींच्या आईला मी मावशी म्हणत असे.

या मावशींचं आपल्या लेकाबद्दलचं मत मात्र पक्कं होतं. लेक बिनकामाचा. शेत कसत नाही, नोकरी धड नाही, आणि सावल्यांच्या मागे लागलाय. "माजं येकच लेकरू, त्ये बी वाया गेलं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला, अगदी दाजींच्या देखत, शांतपणे सांगायच्या. त्यात राग नसायचा, विहीर आटली हे सांगावं तसं सांगायच्या. दाजी खाली मान घालून ऐकायचे. पन्नास माणसांसमोर स्टुडिओच्या मालकाला उलट बोलणारा हा माणूस आईसमोर कधी एक शब्द बोलला नाही. माझ्या मते त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपण काय करतो ते एकदा आईने बघावं. समजावंच असं नाही, नुसतं बघावं.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी सिनेमा काढायला घेतला. ज्या वर्षी लोक जनावरं सोडून देत होते त्या वर्षी माझे दाजी पुण्याहून मागून आणलेला कॅमेरा गळ्यात अडकवून गावात हिंडत होते. कच्ची फिल्म म्हणजे त्या जुन्या कंपनीत उरलेले तुकडे. कुठला लांब, कुठला आखूड. तुकडा संपला की प्रसंग संपला, मग माणूस वाक्याच्या मध्ये असो की जिन्याच्या. सिनेमा मुकाच होता, तेव्हा वाक्याचं एवढं बिघडत नव्हतं, पण म्हातारा पाया पडायला वाकायचा आणि वाकलेलाच राहायचा. गोष्ट साधी होती. एक माणूस दुष्काळात गाव सोडून जातो, पाऊस पडल्यावर परत येतो आणि त्याची बायको त्याला जेवायला वाढते. एवढंच. पाऊस कुठून आणणार, असं मी विचारलं तर म्हणाले, "तो दाखवायचा न्हाई. तो येऊन गेलाय, असं माणसांच्या तोंडावर दिसंल." त्या वर्षी तसं तोंड गावात एकाचंही नव्हतं. खडी फोडायच्या कामावरून परत आलेली माणसं, भुवयांवर धूळ, ओठ फुटलेले. दाजी त्यांना सांगत, "जरा पाऊस पडल्यावानी बघा." आणि ती बिचारी प्रयत्न करत. त्या धडपडीचं मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

आणि सगळ्यांनी सगळं डाव्या हाताने करायचं, ही दाजींची अट. डाव्या हाताने रामराम घालायचा, डाव्या हाताने औत धरायचं, गावच्या पाटीवर नाव लिहायचं ते आरशात वाचावं लागेल असं उलटं. बायकोच्या भूमिकेत ताई, कारण दुसरी कोण उभी राहणार? तिला उजव्या खांद्यावर पदर घ्यायला लावला. "लग्नात मी मान खाली घालून होते म्हणून फसले," असं पुटपुटत ती तो पदर सावरायची आणि तो सारखा सवयीने दुसऱ्या खांद्याकडे पळायचा. गावातल्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याला देवाला फूल वाहायचं होतं. ते हटून बसले. "डाव्या हातानं देवाला फूल? नाय बा. माजं मरान जवळ आलंय, आता हे पाप नको." दाजी त्यांच्याशेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आन्ना, देव तुमच्या म्होरं बसलाय ना? मग त्याच्याकडनं बघा. तुमचा डावा हात त्याच्या उजव्या अंगालाच येतोय." म्हाताऱ्याने देवाकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, पुन्हा देवाकडे बघितलं, आणि फूल वाहिलं. आपण हरलो कसे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

जेवणाचा प्रसंग मात्र मी विसरू शकत नाही. नायकाचं काम करणारा गडी कामावरून थेट आलेला. ताईने त्याच्यापुढे ताट ठेवलं. भाकरी, कालवण, कांदा. डाव्या हाताने घास तोंडात नेताना त्याची फजिती व्हायची, निम्मं कालवण सदऱ्यावर. पण भाकरी संपली की तो मान वर करून म्हणायचा, "बराबर न्हाई झालं. पुन्यांदा घेऊ." दाजींनी पुन्हा घेतलं. ताईने आणखी भाकरी थापली. तो पुन्हा म्हणाला, बराबर नाही झालं. कॅमेऱ्यातला तुकडा केव्हाच संपला होता, हे मला दिसत होतं. दाजी नुसतेच कॅमेऱ्याला डोळा लावून बसले होते आणि "हां, घास घे, हां, आता पानी पी" असं सांगत होते. शेवटी त्या गड्याने राहिलेली अर्धी भाकरी गपकन धोतराच्या सोग्यात बांधली आणि म्हणाला, "आता झालं बराबर."

सिनेमा जोडून झाला तोवर जत्रा आली. जत्रा म्हणजे नावाला. रेवड्यांचं एक दुकान, बांगड्यांचं एक, आणि तंबू. तंबूवाल्याने आपल्या खेळाच्या आधी दाजींचा सिनेमा दाखवायचं कबूल केलं, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली. पडद्याला पाणी मिळणार नाही. गावात टँकर येत होता तो एक दिवसाआड, कधी तोही नाही. टँकर आला की बायका कळशा घेऊन पळायच्या, भांडणं व्हायची. "कापडाला पानी मारलं तर लोक तंबू पेटवतील," तंबूवाला म्हणाला, आणि त्यात काही खोटं नव्हतं. पाणी मारायचं असेल तर आपलं आपण आणा. दाजी आणि ताई तेव्हा केडगावात आमच्याकडेच राहत होते; दाजी परत आले आणि ताईला म्हणाले, पाणी साठव.

आमच्याकडेही काही पाण्याचे पाट वाहत नव्हते. विहीर होती, ती तळाला गेलेली. ताईने आंघोळी बंद केल्या, भांडी राखेने घासून पुसून घेतली, आणि दोन पत्र्याचे डबे भरले. डबे भरताना तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "माणसाला प्यायला नाही आणि हे निघालेत पडद्याला न्हाऊ घालायला. बाळंतीण आहे का तो?" मीही शाळेतल्या माझ्या पोरांना सुनावते तसे त्यांना चार शब्द सुनावले. मी म्हटलं, एवढंच आहे तर मावशींना पुढे बसवा ना, पुढच्यांना कोरड्या पडद्यावरही दिसतं. तेव्हा ते म्हणाले, "मास्तरीणबाई, पुढं सासऱ्याच्या वयाची मानसं बसत्यात. आये मरंल, पण पुढं बसणार न्हाई. आणि पुढनं बघून उपेग बी न्हाई." पुढून बघून उपयोग नाही म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. दाजींच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारत बसलं तर दुसरं काही करायला नको.

एसटीत कंडक्टरशी भांडून आम्ही ते डबे पायांत धरून बसलो. खड्डा आला की ताई डब्यावर पालथी पडायची. आजूबाजूचे लोक डब्यांकडे असे बघत होते की जणू आम्ही दागिने घेऊन चाललो आहोत. एका बाईने लेकरासाठी घोटभर मागितलं. ताईने दाजींकडे बघितलं, दाजींनी खिडकीबाहेर, आणि ताईने पेला भरून दिला. गावच्या फाट्यावर उतरून एक डबा दाजींनी खांद्यावर घेतला, दुसरा आम्ही दोघींनी मध्ये धरला. दाजींना थेट तंबूकडे जायचं होतं, पण वाट घरावरून होती, आणि मावशी ओट्यावर बसलेल्या होत्या.

त्यांनी आधी आम्हाला बघितलं, मग डबे बघितले. झाकण उचलून आत हात घातला, तो ओला हात डोळ्यांना लावला. मग उठून उभ्या राहिल्या आणि दाजींच्या तोंडावरून हात फिरवला. "पानी आनलंस व्हय रं? येवढ्या लांबनं? माज्यासाटी?" दाजी खांद्यावरचा डबा तसाच धरून उभे. मी ताईकडे बघितलं, ताईने माझ्याकडे. आम्हा तिघांना ठाऊक होतं हे पाणी कशाला आणलंय, आणि तिघांपैकी एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. मावशींनी शेजारणींना हाका मारल्या. "आगं, या गं. माज्या लेकानं नगरावरनं पानी आनलंय." बायका लोटे, तांबे घेऊन आल्या. मावशी एकेकीला ओतून देत होत्या आणि प्रत्येकीला तेच सांगत होत्या. "माजा लेक. सिनेमावाला न्हाई का, त्योच. कामाचा निगाला बगा." दाजींनी खांद्यावरचा डबा खाली ठेवला आणि स्वतःच्या हाताने झाकण काढलं. दिवे लागायच्या आत दोन्ही डबे रिकामे होते.

खेळ झाला तो कोरड्या पडद्यावर. मी मावशींशेजारी मागच्या बाजूला बसले होते. दाजी यंत्रापाशी, पुढे. पहिल्या चित्रालाच पुढून हसण्याची लाट आली. "आरं, त्यो बग डाव्या हातानं रामराम घालतोय! आन ह्यो औत कसा धरतोय! समदं गाव डावरं केलं की रं!" शिट्ट्या, टाळ्या. मागच्या बाजूला मात्र बायका गप्प होत्या, कारण त्यांना काहीच दिसत नव्हतं. कापडावर राखेसारखं काही तरी हलत होतं, इतकंच. मी चष्मा पुसून, डोळे बारीक करून बघत राहिले. कुणी तरी रामराम घालतंय असं वाटलं. उजव्या हाताने. ताई दिसली, पुसट, पदर डाव्या खांद्यावर, असायला हवा तिथे. एक म्हातारा उजव्या हाताने देवाला फूल वाहत होता. मग गावची पाटी आली, आणि मला ती वाचता आली. शेवटी एक काळी पाटी आली, तिच्यावर खडूने काढलेली अक्षरं होती. दाजींचं नाव, आणि त्याच्यामध्ये त्यांच्या आईचं. आपल्याकडे नावात मधे बाप येतो. दाजींनी आई घातली होती. अक्षरं सुलट होती. पुढच्या शंभर पुरुषांना ती उलटी दिसत होती आणि मागच्या वीस-पंचवीस बायकांसाठी ती सुलट काढलेली होती. त्या माणसाने सबंध गावाला डाव्या हाताने जगायला लावलं होतं, ते आईला एकदा तरी सगळं जागच्या जागी दिसावं म्हणून.

मी मावशींचा हात धरून म्हटलं, "मावशी, बघा, तुमचं नाव आलंय! वाचा ना!" त्यांनी खूप वेळ त्या राखेकडे बघितलं. "मला तर धूरच दिसतुया, बाय." मग मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांच्या लेकाचं नाव, त्यांचं नाव. त्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हिला सिनेमाची लिपी बी येती. शिकल्याली हाय." काळी पाटी गेली, दिवा लागला, बायका लुगडी झटकत उठल्या.

दाजी मागे आले ते धावतच आले. "आये, दिसलं का?" मावशींनी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्या माऊलीने खोटं सांगितलं. "दिसलं की रं. समदं दिसलं. लई ग्वाड." आणि लगेच इतर बायकांकडे वळून, "ह्येनंच पानी आनलं बरं का आज." दाजींना खरं-खोटं कळलं असणार. कोरड्या कापडातून काय दिसतं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? त्यांनी मान डोलावली आणि रीळ गुंडाळायला गेले.

त्यानंतर दाजींनी बरेच सिनेमे काढले. चांगले काढले, लोकांना आवडले. पण त्यांतली माणसं उजव्या हाताने जेवतात आणि पाट्या सगळ्यांना वाचता येतात. दाढीवाल्या तरुणाच्या भाषेत सांगायचं तर सुरुवातीची शैली त्या संध्याकाळी संपली. तो पहिला सिनेमा ताईने लोखंडी ट्रंकेत जपला होता; उन्हाळ्यात त्याची रिळं एकमेकांना चिकटली आणि मग उलगडलीच नाहीत. मावशी पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. लेकाचं नाव झालेलं त्यांच्या कानावर आलं, पण त्यांनी त्याचं फारसं काही मानलं नाही. कुणी विचारलं, की लेक काय करतो, तर त्या दुष्काळातल्या पाण्याची गोष्ट सांगायच्या.

त्या गेल्या तेव्हा तेराव्याला मी गावी गेले होते. मंडळी पांगल्यावर दाजी परसात बसले होते, तिथे मी जाऊन बसले. मधल्या काळात मला कुणीसं सांगितलं होतं, की फिल्म यंत्रात पालथी चढवली तर चित्र आपोआप उलटं पडतं. सरळ काढलेला सिनेमाही मागच्यांना सुलट दिसला असता, एवढा खटाटोप करायची गरजच नव्हती. मी दाजींना ते विचारलं. म्हणाले, "ठाऊक होतं की. पण मग नुसती फिल्म उलटली असती. मानसं कुठं उलटली असती?" मग मी दुसरं विचारलं, जे इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं. मावशींना सांगितलं का नाहीत, की तो सिनेमा त्यांच्या बाजूने काढला होता? पुन्हा एकदा दाखवता आला असता, पुढे पाऊस पडला, पाण्याला काय कमी होतं?

दाजींनी काडीने मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाले, "सांगनार हुतो. पण त्या दिवशी ती मला कामाचा म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. मग सिनेमा कशाला दाखवायचा? तो बघितला असता तर पुन्हा बिनकामाचा झालो असतो."

मला हसावं की रडावं कळेना. दाजींना मात्र रडू आलं. मी तिथून उठले नाही. आत ताई भांडी आवरत होती, ती येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.